ओढ्याकाठचा शीळकरी

पावसाळ्याचे दिवस आहेत असं समजा. तरणा पाऊस लागला आहे. पहाट झाली आहे, पण अजून नीट उजाडलेलं नाही. तुम्ही गगनबावड्याच्या नाहीतर राधानगरीच्या बाजूला एखाद्या वाडीत पाहुणे म्हणून उतरला आहात. घराखालून ओढा गर्जत चालला आहे. आणि त्या गर्जनेतून कुणीतरी निवांत शीळ घालतं आहे.

ही शीळ अगदी माणसाची वाटते. एखादा पोरगा दप्तर खांद्याला अडकवून रमतगमत शाळेला निघावा आणि मनाला येईल तसे सूर काढावेत, तशी ती शीळ. मध्येच चढते, मध्येच उतरते. गाणं कुठलं ते काही कळत नाही. वाटतं, आता हा चाल धरील. पण तो चाल धरत नाही. पुन्हा भलतीकडेच वळतो.

तुम्ही दाराबाहेर येऊन पाहता. ओढ्यावर माणूस नाही. मग कुणी म्हणतं, "चकवा असंल." कुणी म्हणतं, "बाहेरचं काहीतरी असंल. दार लावून घ्या."

मंडळी, तिथं भूत नाही आणि चकवाही नाही. ती एका पाखराची शीळ आहे. या पाखराला मराठीत शीळकरी कस्तूर म्हणतात. इंग्रज लोक आपल्या डोंगरात राहायला आले, तेव्हा त्यांनाही ही शीळ ऐकून शाळेच्या पोराचीच आठवण झाली. त्यांनी या पक्ष्याला नाव दिलं, 'शीळ घालणारा शाळकरी पोर'. नाव नेमकं आहे. मी जन्मभर शाळकरी पोरांत वावरलो. मला तर ते फारच पटतं.

या पाखराची माहिती आज आपण करून घेऊ. ती वाचून शीळ कोणाची हे कळेल. शिवाय आपल्या शेतात आणि घागरीत येणारं पाणी कुठून निघतं, तेही कळेल. कारण या पाखराचं घर आणि आपल्या पाण्याचं घर एकच आहे.

रूप कसं आहे

शीळकरी कस्तूर साळुंकीपेक्षा किंचित मोठा असतो. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे २५ सेंटिमीटर भरतो. म्हणजे एक वीत आणि वर एक बोट. चोच काळी, पाय काळे आणि चांगले लांब. ओल्या दगडावर उड्या मारायला असेच पाय लागतात.

लांबून पाहिलं तर सगळा पक्षी काळाच दिसतो. सावलीत बसला असेल तर एखादा लहान कावळा बसला आहे असं वाटतं. पण थोडं ऊन पडू द्या. मग त्याच्या कपाळावर आणि खांद्यावर गर्द निळा रंग झळकतो. पंखांवर आणि शेपटीवरही निळी झाक दिसते. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. लहान पिलं मात्र तपकिरी काळी असतात आणि त्यांच्या कपाळावर निळा टिळा नसतो.

आता तुम्ही विचाराल, एकच पक्षी सावलीत काळा आणि उन्हात निळा, हे कसं? याचं उत्तर मोराच्या पिसात आहे. घरात मोराचं गळून पडलेलं पीस असेल तर ते हातात घ्या. समोरून उजेड पडला की डोळा निळा-हिरवा चमकतो. आता तेच पीस उजेडाच्या आड धरा आणि त्यातून पलीकडे पाहा. निळा रंग गेला. पीस तपकिरी दिसू लागलं. याचा अर्थ, निळा रंग पिसात कालवलेला नाही. पिसाची घडणच अशी बारीक असते की तिच्यावर पडलेल्या उजेडातला निळा भाग तेवढा आपल्या डोळ्याकडे परत येतो. उजेड नाही तर रंगही नाही. कस्तुराचा निळा टिळासुद्धा असाच उजेडाचा खेळ आहे.

राहतो कुठं

या पक्ष्याचं मुख्य घर म्हणजे आपला सह्याद्री. गुजरातच्या दक्षिण भागापासून महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक असं करत थेट केरळपर्यंत तो सापडतो. सातपुड्यात आणि पूर्वेकडच्या काही डोंगरांतही तो आहे. भारताच्या बाहेर तो कुठंच राहत नाही. म्हणजे हे अस्सल आपल्या मातीतलं पाखरू आहे.

त्याचा एक भाऊबंद हिमालयात राहतो. तो आकाराने मोठा असतो आणि त्याच्या अंगावर निळे ठिपके असतात. तोही ओढ्याकाठीच राहतो आणि तोही शीळ घालतो. त्याच्याविषयी तिकडे एक गोष्ट सांगतात. श्रीकृष्ण ओढ्याकाठी निजला असता एका पोराने त्याची बासरी उचलली आणि वाजवून पाहिली. कृष्ण जागा झाला आणि त्या पोराचं पाखरू झालं. त्याला बासरीची चाल अर्धीच आठवते. म्हणून ते अजून सूर जुळवत बसलं आहे. गोष्ट ती गोष्टच. पण ज्याने ही शीळ ऐकली, त्याला ती सुचली यात नवल नाही.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हा पक्षी पश्चिमेच्या डोंगरपट्टीत भेटतो. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांतल्या झाडीत आणि ओढ्यांवर त्याची वस्ती आहे. शिरोळ आणि हातकणंगल्याच्या सपाट उसात तो राहत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात. वाहतं पाणी लागतं, कातळ लागतो आणि वर झाडाची सावली लागते. या तिन्हींपैकी एक गेली की तो तिथून हलतो.

शीळ कशी घालतो

माणूस ओठांनी शीळ घालतो. पाखराला ओठ कुठं आहेत? त्याला तर टणक चोच आहे. मग शीळ निघते कुठून?

पाखराची श्वासनळी गळ्यातून खाली छातीत उतरते. तिथं तिला दोन फाटे फुटतात, एक डाव्या फुफ्फुसाकडे आणि एक उजव्या फुफ्फुसाकडे. नेमक्या त्या फाट्यावर पाखराची आवाजाची पेटी असते. दोन्ही फाट्यांतून स्वतंत्र सूर काढता येतो. एका बाजूने सूर धरायचा आणि लगेच दुसऱ्या बाजूने उचलायचा, असं गाणाऱ्या पाखरांना जमतं. म्हणून त्यांचा आवाज एवढा झटकन फिरतो.

गाणारी पाखरं गाणं ऐकून शिकतात. पिलू लहानपणी मोठ्यांचं गाणं कानात साठवतं आणि पुढे घोटून घोटून ते बसवतं. आपली पोरं पाढे पाठ करतात तसंच ते आहे. पूर्वी काही लोक या कस्तुराला पिंजऱ्यात ठेवून चाली शिकवीत असत. आता ते चालत नाही. १९७२ साली देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. रानातलं पाखरू धरणं, विकणं, पिंजऱ्यात कोंडणं, त्याची अंडी किंवा घरटं काढणं, हा आता गुन्हा आहे.

आणखी एक प्रश्न. ओढा एवढा गर्जत असताना या चिमुकल्या गळ्याची शीळ ऐकू कशी येते? याचं उत्तर आपल्या गावच्या लेझमीच्या खेळात आहे. हलगी कडाडत असते, लेझीम छमछमत असते. तरी मध्येच कुणी तोंडात बोटं घालून शिट्टी मारली, तर ती गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाते. कारण शिट्टीचा सूर एकेरी, बारीक आणि स्वच्छ असतो. पाण्याचा आवाज जाड आणि पसरट असतो. जाड आवाजात जाड आवाज मिसळून जातो. बारीक स्वच्छ सूर त्यातून वर निघतो. ओढ्याकाठी राहणाऱ्याला असाच सूर उपयोगी पडतो.

शीळ कशासाठी घालतो

आपल्याला वाटतं, पाखरू आनंदाने गातं. आनंद होत असेल, नाही असं नाही. पण त्याच्या गाण्याला कामही आहे. आपण शेताला बांध घालतो. सात-बाऱ्यावर नाव लावतो. पाखराला बांध नाही आणि तलाठीही नाही. तो शीळ घालून सांगतो, "या डोहापासून त्या वळणापर्यंतचा ओढा माझा. दुसऱ्या नराने इथं येऊ नये." आणि मादीला सांगतो, "जागा चांगली आहे, इथं ये."

म्हणून जेव्हा घरटं करायचे दिवस येतात, तेव्हा शीळ वाढते. आपल्याकडे हे दिवस मुख्यतः पावसाळ्याचे. वळवाचे ढग जमू लागले की शीळ सुरू होते आणि भर पावसात ती अगदी रंगात येते. पहाटे, इतर पाखरं जागी व्हायच्या आधी, ती सगळ्यात जास्त ऐकू येते. संध्याकाळीही ऐकू येते. थंडीच्या दिवसांत हा पक्षी बहुतेक गप्प असतो. आपण जवळ गेलो तर 'क्री' असा एकच टोकदार आवाज काढतो आणि पाण्याला लागून खालच्या खाली उडून जातो.

ओढाच का लागतो

याचं उत्तर त्याच्या पोटात आहे. ओढ्यातला एखादा ओला दगड उलटून पाहा. खालच्या अंगाला बारीक किडे आणि अळ्या चिकटलेल्या दिसतील. काही अळ्या वाळूच्या कणांचं घर करून त्यात राहतात. हे किडे, गोगलगायी, गांडुळं, लहान बेडकं आणि लहान खेकडे हे कस्तुराचं जेवण. रानातली पिकली फळंही तो खातो.

खेकडा किंवा गोगलगाय सापडली की तो ती चोचीत धरतो आणि दगडावर आपटतो. कवच फुटलं की आतला मऊ भाग खातो. आपण नारळ दगडावर फोडतो, तशीच ही युक्ती.

ओढ्याचा दुसरा उपयोग घरट्यासाठी. पाण्याच्या वर, कातळाच्या कपारीत हा पक्षी घरटं करतो. शेवाळ, बारीक मुळ्या आणि गवत ओल्या मातीने सांधून तो वाटीसारखं घर बनवतो. खाली पाणी खळाळत असतं. त्यामुळे मांजर, मुंगूस अशा चोरांना तिथं पोचणं कठीण जातं. मादी २ ते ४ अंडी घालते. नर आणि मादी दोघंही आळीपाळीने अंडी उबवतात. साधारण १६-१७ दिवसांत पिलं बाहेर येतात. मग दोघंही दिवसभर चारा आणतात. घरचं काम बाईचं आणि बाहेरचं काम पुरुषाचं, असा भेद या घरात नाही.

कधी कधी हा पक्षी माणसाच्या इमारतीतही घरटं करतो. डोंगरातल्या एका शाळेत मी काही वर्षं मुख्याध्यापक होतो. शाळेमागे ओढा होता. एका पावसाळ्यात पडवीच्या भिंतीवर, कौलांच्या खाली, कस्तुराच्या जोडीने घर थाटलं. खाली शिटा पडू लागल्या. शिपाई म्हणाला, "गुरुजी, काठीनं खाली घेतो की!" मी म्हटलं, "थोडं थांब. पोरांना पाहू दे." मग चौथीच्या पोरांनी भिंतीवर कोळशाने रेघा ओढून दिवस मोजले. पाखरू चारा घेऊन तासात किती वेळा येतं तेही मोजलं. एरवी गणिताला कंटाळणारी पोरं हा हिशेब न सांगता करीत. पिलं उडून गेली त्या दिवशी पडवी धुऊन काढली. काम एका बादलीचं होतं.

पाखरामुळे पाणी की पाण्यामुळे पाखरू

त्या शाळेच्या वरच्या अंगाला धनगरवाडा होता. तिथले एक म्हातारे बाबा दूध घालायला खाली येत. एकदा ते मला म्हणाले, "गुरुजी, ह्यो शीळवाला ज्या वढ्याला ऱ्हातोय, त्यो वढा उन्हाळ्यात बी आटत न्हाई. आमी म्हसरं तिथंच न्हेतो."

बाबा शाळेत गेले नव्हते, पण त्यांचं बोलणं खरं होतं. मात्र त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पाखरू आलं म्हणून ओढ्याला पाणी राहत नाही. ओढ्याला पाणी राहतं म्हणून पाखरू तिथं टिकतं. पाखरू ही खूण आहे. कारण वेगळं आहे. ते कारण म्हणजे वरचं रान.

आपल्या गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिकडे शिरोळला त्याचा सुमारे दहावा हिस्सा पडतो. गगनबावड्याचा हा सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. मग बाकीचे आठ महिने ओढे वाहतात कशावर?

घरी एक प्रयोग करून पाहा. दोन जुन्या परातींत सारखी माती भरा. एक तशीच उघडी ठेवा. दुसरीवर पालापाचोळ्याचा जाड थर घाला. दोन्ही एका बाजूला कलती ठेवा आणि वरून झारीने एक-एक तांब्या पाणी ओता. उघड्या मातीवरचं पाणी लगेच धावत खाली येईल, आणि गढूळ येईल. पाचोळ्याखालचं पाणी उशिरा येईल, थोडं थोडं येईल, आणि पुष्कळ निवळ येईल. बरंच पाणी मातीत मुरलेलं असेल.

डोंगरावर हेच घडतं. झाडाची पानं पावसाचा मार झेलतात. पाचोळा पाणी धरतो. मुळ्यांच्या वाटेने ते जमिनीत उतरतं. पुढे महिनोन्महिने ते झऱ्यांतून थेंब थेंब बाहेर येतं. तेच ओढ्याचं उन्हाळी पाणी. झाडी गेली की पाऊस तेवढाच पडतो, पण पाणी आल्या पावली निघून जातं आणि जाताना माती घेऊन जातं. झाडं लावली म्हणजे महापूर यायचा थांबेल, असं मी म्हणत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ साली कोल्हापुराने महापूर पाहिले. एवढा पाऊस एकदम कोसळला तर कुठलंही रान तो सगळा जिरवू शकत नाही. पण उन्हाळ्यात ओढा जिवंत ठेवायचं काम रानच करतं.

हे पाणी जातं कुठं

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत. या सगळ्या सह्याद्रीतल्या अशाच ओढ्यांतून जन्मतात. पुराणातली गुप्त सरस्वती धरून त्यांची पंचगंगा होते. प्रयाग चिखलीच्या संगमापासून ती पंचगंगा म्हणून वाहते, कोल्हापूरला वळसा घालते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. भोगावतीवर राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. ते काम पुढे स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. या धरणाच्या जलाशयाला लक्ष्मी तलाव म्हणतात.

म्हणजे बघा. करवीरच्या उसाला मिळणारं पाणी, इचलकरंजीच्या बाजूला नदीत दिसणारं पाणी, वाडीच्या घाटावर आंघोळीचं पाणी, हे सगळं कधीतरी कस्तुराच्या दगडाजवळून वाहत आलेलं असतं. वरच्याने ओढा नासला तर खालच्याने काय करायचं?

दाजीपूरचं रान पूर्वी कोल्हापूरच्या राजांचं शिकारीचं राखीव रान होतं. म्हणून ते तुटलं नाही. १९५८ साली तिथं गव्यांसाठी अभयारण्य झालं. पुढे ते वाढवलं. आज राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात या रानाचाही समावेश आहे. लोक तिथं गवा पाहायला जातात. गवा दिसतोच असं नाही. पण ओढ्याकाठी पहाटे गप्प बसलं तर कस्तुराची शीळ बहुधा कानावर पडते.

ओढा कशाने मरतो

आज शीळकरी कस्तूर नाहीसा व्हायला आला आहे, असं मुळीच नाही. जगातले जाणकार त्याला तूर्त धोका नसलेल्या पक्ष्यांत धरतात. पण एखाद्या ओढ्यावरून तो गेला, तर त्या ओढ्याचं काहीतरी बिघडलं आहे असं समजावं.

पहिलं बिघडवणारं काम म्हणजे डोहात औषध टाकणं. उन्हाळ्यात पाणी कमी होतं. डोह लहान होतात. मग कुणी फवारणीचं औषध नाहीतर ब्लीचिंग पावडर ओततं आणि वर आलेले मासे गोळा करतं. वर सांगितलेल्या धनगरवाड्याखाली एका उन्हाळ्यात कुणीतरी रात्री असंच केलं. सकाळी मासे वर, खेकडे वर, बेडकं वर. त्याच दिवशी बाबांच्या दोन म्हशींनी ते पाणी प्यायलं. एक दगावली. दुसरी वाचली, पण दूध गेलं. ज्यांनी मासे नेले त्यांच्या घरी किती रुपयांचं कालवण झालं असेल? आणि म्हशीची किंमत किती? त्या पावसाळ्यात त्या डोहावर शीळ ऐकू आली नाही. पुढचा पावसाळाही मुका गेला. तिसऱ्या वर्षी ती पुन्हा ऐकली, तेव्हा बाबा मुद्दाम शाळेत सांगायला आले, "गुरुजी, आला बगा आपला गडी!"

विष माशापाशी थांबत नाही. दगडाखालचे किडे मरतात. किडे मेले की मासा आणि खेकडा परत यायला वेळ लागतो. आणि ते विषारी मासे पोराबाळांच्या ताटात जातात, हे तर सगळ्यात वाईट.

दुसरं काम म्हणजे वणवा. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, असं पुष्कळांना वाटतं. पण आगीत पाचोळा जळतो, लहान रोपं जळतात, उताराची माती उघडी पडते. परातीचा प्रयोग आठवा. पाचोळा जाळणं म्हणजे आपणच आपलं उन्हाळ्याचं पाणी जाळणं.

तिसरं काम अलीकडचं. पावसाळ्यात राऊतवाडीसारख्या धबधब्यांवर लोक गर्दीने येतात. यावं. डोंगर सगळ्यांचा आहे. पण प्लॅस्टिकच्या पिशव्या, पत्रावळ्या आणि फुटक्या बाटल्या मागे राहतात. काच ओढ्यात दिसत नाही. ती गुराच्या खुरात आणि पोराच्या तळपायात सापडते.

चौथं काम म्हणजे ओढ्याकाठची झाडं तोडून, यंत्राने काठ सपाट करून शेत अगदी पाण्यापर्यंत आणणं. पाचपन्नास हात जमीन वाढते. पण काठ मोकळा झाला की पहिल्याच मोठ्या पावसात तो ढासळतो. वाढवलेली जमीन जाते आणि जवळची जुनी जमीनही घेऊन जाते.

आपण काय करायचं

फार मोठं काही करायला नको.

ओढ्यात औषध टाकणाऱ्याला गावाने थांबवावं. ग्रामसभेत हा विषय काढावा. आता तुम्हाला वाचता-लिहिता येतं. अर्ज स्वतः लिहावा आणि खाली स्वतःची सही करावी. अंगठा नको.

फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नये. पाणी बाहेर काढून शेतातच धुवावा.

काठावरची करंज, उंबर, जांभूळ ही झाडं राखावीत. त्यांच्या मुळ्या काठ धरतात, आणि उंबराची नि जांभळाची फळं पाखरांनाही मिळतात.

घरटं दिसलं तर लांबून पाहावं. हात लावू नये. पोरांनाही सांगावं.

आणि एक सूचना. शीळ ऐकायची म्हणून पुराच्या पाण्याजवळ जाऊ नये. डोंगरातला ओढा घटकेत चढतो. वर ढग फुटला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही. पाखराला पंख आहेत, आपल्याला नाहीत. पडवीत बसूनही शीळ चांगली ऐकू येते.

आपल्या देशातल्या पक्ष्यांचा अभ्यास डॉ. सालिम अली यांनी जन्मभर केला. मराठीत पक्ष्यांविषयी मारुती चितमपल्ली यांनी लिहिलं. ते वनखात्यात नोकरीला होते आणि रानातल्या माणसांकडून त्यांनी पाखरांची नावं गोळा केली. तुमच्या वाडीतही या कस्तुराला एखादं नाव असेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांनी सांगितलेलं नाव वहीत लिहून ठेवा. माणूस गेला की नाव जातं. लिहिलेलं राहतं. लिहायला शिकल्याचा हा एक मोठा फायदा आहे.

वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा

१. शीळकरी कस्तूर सावलीत काळा आणि उन्हात निळा का दिसतो?

२. तो शीळ कशासाठी घालतो?

३. रान राहिलं तर उन्हाळ्यात ओढ्याला पाणी कसं राहतं?

४. डोहात औषध टाकल्याने कोणाकोणाचं नुकसान होतं?

५. आपल्या गावचा ओढा कुठून येतो आणि पुढे कोणत्या नदीला मिळतो?